ॲक्सेसची प्रॉडक्ट की चालत नसेल तर

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमने २५ अक्षरी की नाकारली, तर आधी ती की छापलेल्या कार्डावरची अक्षरं उजेडात नीट पाहा. या कीमध्ये शून्य, एक, पाच हे अंक किंवा ओ, आय, एस ही अक्षरं नसतातच. खरा घोळ होतो बी आणि ८, जी आणि ६ यांत.

मग संगणकाची तारीख-वेळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ मागे पडतं आणि ॲक्टिव्हेशन, म्हणजे कीची पडताळणी, अडतं.

दुकानातून घेतलेल्या २०१९ किंवा २०२१ च्या आवृत्तीत मात्र बहुतेकजण वेगळ्याच ठिकाणी अडकतात. तिची की पहिल्यांदा वापरताच तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडली जाते. नव्या संगणकावर ती पुन्हा टाइप करत बसू नका. त्याच खात्यात साइन-इन करून तिथूनच इन्स्टॉल करा. म्हणून तो ईमेल आयडी बिलावरच लिहून ठेवा.