एमजीबीत दुसरं इंजिन बसवायचंय? आधी वजन बघा, हॉर्सपॉवर नंतर

एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ज्याच्याकडे असते त्याच्या डोक्यात हा किडा कधी ना कधी वळवळतोच, की गाडी दिसायला एवढी देखणी आहे तर ते मूळचं १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन काढून काहीतरी दमदार बसवावं का. आणि वाटणं साहजिक आहे, कारण मूळ इंजिन ९५ हॉर्सपॉवरचं आणि अमेरिकेत विकलेल्या शेवटच्या वर्षांच्या गाड्यांत तर प्रदूषणाच्या नियमांपायी ते साठ-पासष्टच्या आसपास आलं होतं. इंग्लंड-अमेरिकेत आपल्यापैकी ज्यांच्या गॅरेजमध्ये ही गाडी उभी आहे त्यांनी इंजिन शोधायला लागण्याआधी हे वाचा.

पहिला आकडा वजनाचा बघायचा, हे मी प्रत्येकाला अगदी हट्टाने सांगतो, आणि याचा पुरावा खुद्द एमजीनेच देऊन ठेवलाय. १९६७ मध्ये त्यांनी याच बॉडीत २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन घालून एमजीसी काढली, पॉवर १४५, पण इंजिन लोखंडी आणि लांबलचक, पुढच्या चाकांवर नव्वदेक किलो जास्तीचे आले, जागा पुरेना म्हणून पुढचं सस्पेन्शन पण बदलावं लागलं. टेस्ट करणाऱ्यांनी गाडीचं नाक जड आहे, वळणावर सरळच जायला बघते असं लिहिलं आणि दोन वर्षांत मॉडेल बंद. मग १९७३ ला आली जीटी व्ही८, रोव्हरचं ३५२८ सीसीचं अॅल्युमिनियमचं इंजिन, पॉवर १३७ म्हणजे एमजीसीपेक्षा कमीच, पण वजन मूळच्या लोखंडी चार सिलिंडरएवढंच जवळपास, त्यामुळे गाडीचा तोल आहे तसा राहिला आणि टॉर्क मात्र खालच्या आरपीएमलाच भरपूर. ही कल्पना कंपनीच्या आधी केन कॉस्टेलो नावाच्या माणसाने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये करून विकायला सुरुवात केली होती. फॅक्टरीच्या २५९१ च गाड्या झाल्या, आज लोक त्या जपून ठेवतात.

म्हणून इंग्लंडमध्ये असाल तर माझं मत सरळ आहे, रोव्हर व्ही८ च घ्या. रोव्हर एसडी१ किंवा जुन्या रेंज रोव्हरमधलं ३.५ किंवा ३.९ लिटरचं. रेंज रोव्हरचं घेतलंत तर पुढचं कव्हर आणि वॉटर पंप बघून घ्या, जुन्याचा पंप लांब असतो आणि रेडिएटरला जाऊन भिडतो, एसडी१ चा आखूड असतो. ४.६ च्या मोहात पडण्याआधी लायनर (सिलिंडरमधली लोखंडी नळी) सरकण्याची आणि लायनरमागे ब्लॉकला तडा जाण्याची तक्रार माहिती असू द्या, ब्लॉकची प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका. कॅमशाफ्ट पण या इंजिनात झिजतो, व्हॉल्व्ह कव्हर उघडून आत काळा चिखल साचलेला दिसला तर तेल वेळेवर बदललेलं नाही, समजून जा.

अमेरिकेत रोव्हरचे पार्ट सहज मिळत नाहीत, तिथे १९९३ ते ९५ च्या कॅमारोतलं ३.४ लिटर व्ही६ जास्त सोयीचं पडतं, १६० हॉर्सपॉवर, रिअर व्हील ड्राइव्हचंच असल्यामुळे टी५ या पाच गिअरच्या गिअरबॉक्ससकट एकत्र मिळतं. माझदा एमएक्स-५ चं १.८ पण लोक बसवतात, छान फिरतं, फक्त त्या गिअरबॉक्सला मागे माउंटच नसतो, मूळ गाडीत तो एका फ्रेमने थेट डिफरन्शियलला जोडलेला असतो, म्हणजे माउंट तुम्हालाच बनवून घ्यावा लागणार.

आता मोजमाप. सगळ्यात जास्त लोक अडकतात ते उंचीवर आणि संपवर, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीवर. संपचा खोल भाग गाडीच्या क्रॉसमेंबरवर (पुढच्या सस्पेन्शनच्या आडव्या दांड्यावर) येतोय का हे इंजिन विकत घ्यायच्या आधी टेप लावून बघायचं. उंचीसाठी एक सोपी युक्ती आहे, इंजिन माउंटवर टेकवलं की कार्ब्युरेटर किंवा प्लेनमच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या डब्याच्या) सगळ्यात उंच जागी मुलांच्या क्लेचा जाड गोळा ठेवा, बॉनेट हळूहळू पूर्ण बंद करा, उघडा, आणि चपटा झालेला गोळा सुरीने मधोमध कापून त्याची जाडी मोजा. निदान पाऊण इंच तरी हवी, कारण अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन रबरी माउंटवर हलतं आणि मग बॉनेटला आतून ठोकतं. फॅक्टरीलाही हीच अडचण आली होती, म्हणून त्यांनी दोन्ही एसयू कार्ब्युरेटर वेगळा मॅनिफोल्ड करून मागच्या बाजूला नेले. एक्झॉस्ट स्टीअरिंगच्या शाफ्टला लागत असेल तर १९९२ च्या एमजी आरव्ही८ सारखे इनर विंगमधून (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्यातून) बाहेर जाणारे मॅनिफोल्ड घ्या. रबर बंपरवाल्या गाड्यांत, म्हणजे १९७४ च्या शेवटापासूनच्या, हे काम बरंच सोपं जातं, क्रोम बंपरवालीत कापाकापी जास्त.

गिअरबॉक्स आणि अॅक्सलचा खर्च इंजिनच्याच बजेटमध्ये धरा. मूळ अॅक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.९०९ आहे, जीटी व्ही८ ला ३.०७ दिला होता, जुनाच ठेवलात तर हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहील. इंजेक्शनवालं इंजिन असेल तर पेट्रोलचा पंप, रिटर्न लाइन सगळं नवीन, कारण जुना पंप दोन-तीन पीएसआय देतो आणि इंजेक्शनला चाळीसच्या आसपास लागतात. आणि गाडी १९६७ च्या शेवटाआधीची असेल तर ती पॉझिटिव्ह अर्थ असते, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जोडण्याआधी ती निगेटिव्ह करून घ्या, नाहीतर पहिल्याच मिनिटाला ईसीयू जळणार.

कागदपत्रं इंजिन घेण्याआधी. इंग्लंडमध्ये डीव्हीएलएला (वाहन नोंदणी खात्याला) इंजिन बदलल्याचं कळवावं लागतं, आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीची एमओटीची (वार्षिक तपासणीची) सूट मोठा बदल केला तर जाऊ शकते. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलला स्मॉग टेस्ट (धुराची तपासणी) नाही, ७६ पासून आहे, आणि तिथे बसवलेलं इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा नंतरचं लागतं. भारतात मात्र यात पडू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली मूळ स्पेसिफिकेशन बदलता येत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय, शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर मूळ इंजिनच लागतं, तेव्हा तिकडे आहे तेच इंजिन नीट रीबिल्ड करून घ्या.

आणि शक्यतो सुटं इंजिन घेऊ नका, चालू स्थितीतली अख्खी जुनी गाडी घ्या, थंड असताना स्टार्ट करून ऐका, वीस मिनिटं चालवून ऑइल प्रेशर बघा, मगच व्यवहार करा. वायरिंग, ईसीयू, पंप, ब्रॅकेट, बारीकसारीक नट-बोल्ट सगळं त्यातच मिळतं, आणि उरलेली गाडी भंगारात गेली तरी थोडे पैसे परत येतात.