होळीची राख बागेत टाकण्याआधी

शिवरात्रीला थंडी शिव-शिव म्हणत जाते, हे आपल्याकडे मराठी घरातही म्हणतात आणि कन्नड घरातही. बेळगावात मात्र ती जाताना दोन-चारदा मागे वळून बघते. दुपारी घाम, पहाटे पुन्हा स्वेटर. परसातली कामं उरकायची ती याच दिवसांत. ऊन एकदा तापलं की छाटणी, खत, रोपांची हलवाहलव, सगळंच झाडाच्या जिवावर येतं.

आधी माती बघा. खानापूरहून अथणीला जाईपर्यंत ती पार बदलते. खानापूर, जांबोटी आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची माती. तिथल्या पावसानं तिच्यातला चुना धुऊन नेलेला असतो, म्हणून ती आंबट. पाणी ओतावं तर ते खाली निघून जातं. चिकोडी, रायबाग, अथणीकडे काळी. ती पाणी धरून ठेवते, वाळली की भेगा पडतात, आणि कृष्णाकाठी पाण्याचा मारा झालेल्या जमिनीत वर पांढरं मीठ फुटतं.

आता राखेचं. धुळवडीच्या सकाळी होळीची राख बादलीत भरून आणायची आणि झाडांच्या बुंध्याशी ओतायची, हे अनेक घरांत चालतं. राखेत पालाश (पोटॅश) असतं, चुनाही असतो. तांबड्या मातीला दोन्ही हवं. तिथं चौरस मीटरला मूठ-दीड मूठ राख पसरून खुरप्यानं मातीत मिसळा, वर्षातून एकदाच. काळ्या मातीत चुना मुळातच भरपूर, राखेनं ती आणखी अल्कधर्मी होते. मग जास्वंद आणि लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लोह मातीत असतं, पण मुळांना उचलता येत नाही. अशा झाडावर लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी फवारा. अथणीकरांनी राख भांडी घासायला ठेवावी, हे मी थट्टेनं म्हणत नाही.

दोन पथ्यं सर्वांना. राख आणि युरिया एकत्र टाकू नका, नत्र हवेत उडून जातं. आणि ज्या होळीत प्लायवूड, रंगवलेली दारं, प्लास्टिक जळलं तिची राख बागेत नकोच. माती नेमकी कशी आहे ते कळायचं असेल तर होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली गटाच्या) रयत संपर्क केंद्रात माती परीक्षणाची चौकशी करा. नमुना घेताना वरचा पाला बाजूला सारा, वीतभर खोलीपर्यंतची माती चार-पाच ठिकाणांहून उचलून एकत्र करा.

शेणखत घालायचं ते कुजलेलंच. चाळणीतून काढा. खतात बोटाएवढे जाड पांढरे किडे निघाले तर ते बऱ्याचदा गेंड्या भुंग्याचे असतात, नारळाचा शेंडा पोखरणाऱ्या भुंग्याचे. कोंबड्यांपुढे टाका.

भाजीत आता भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी. भेंडीचं बी रात्रभर भिजत घालून लावा. पहाटेचा गारठा टिकून असेल तर आठवडाभर थांबा, गार मातीत भेंडी उगवायला कुरकुरते. जात निवडताना परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, दोन्ही हळद्या रोगाला तोंड देतील अशा म्हणून काढलेल्या आहेत. हा रोग पांढरी माशी पसरवते, म्हणून शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की दया न दाखवता उपटा. वेलांना दोन पानं फुटली की तांबडे भुंगेरे येतात. सकाळी दव असताना पानांवर पातळ राख भुरभुरवली तर पुष्कळ वाचतं. इथं मात्र राख काळ्या मातीवाल्यांनाही चालेल, चिमूटभरच तर आहे.

मावा, पांढऱ्या माशीसाठी निंबोळी अर्क: लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला.

निपाणी भागातल्या वाचकांना एक वेगळी सूचना. तंबाखू हाताळून, मळून किंवा विड्या वळून झाल्यावर तसेच टोमॅटो-मिरचीच्या रोपांना हात लावू नका. तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही टिकतो आणि बोटांनी रोपावर जातो. पानं चुरमुडली की लोक औषध मारत बसतात, पण औषध लागू होत नाही. साबणानं हात धुवा, एवढंच.

मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर लगेच गुडघ्याएवढा ठेवून कापा, पानं ओरबाडा, आळं मोकळं करून शेणखत द्या, मग पाणी. कळी नव्या फुटव्यावर येते. गुलाबाला आता कात्री जोरात चालवू नका, सुकलेली फुलं तेवढी काढा. दारातल्या मोठ्या आंब्याला मोहर असताना पाणी देऊ नका. फळ वाटाण्याएवढं धरल्यावर सुरू करा. भुरी (मोहरावरची पांढरी बुरशी) दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम. मधमाश्या फिरत असताना कीटकनाशक नको.

लॉनचा हिशेब करूनच पुढचं बोलू. ऐन उन्हाळ्यात चौरस मीटरला दिवसाला सुमारे 5 लिटर पाणी धरलं तर 500 चौरस फुटांच्या हिरवळीला रोज 230 लिटर लागतं. बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप तलावाची पातळी खाली गेल्याच्या बातम्या वाचायच्या दिवसांत हे पाणी कुठून आणणार? म्हणून नवी लॉन आता लावूच नका, जूनमध्ये लावा. जुनी असेल तर वाळलेला थर दाताळ्यानं काढा, घट्ट झालेल्या जागी काट्याच्या फावड्यानं भोकं पाडा, चाळलेली माती, रेती आणि कुजकं शेणखत मिसळून बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही इतका पातळ थर द्या. लव्हाळा वरवर कापू नका, खालच्या गाठींसकट उकरा. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कापायचा नाही, आणि मार्चपासून उंची थोडी वाढू द्या. पिवळी पडली तरी हरळी मरत नाही. पहिल्या पावसात ती स्वतःहून उठते.

उरलेलं पाणी झाडांना, तेही आच्छादन घालून. ऊसतोड चालू आहे तोवर पाचट सहज मिळतं, खानापुराकडे भाताचं पिंजर. तीन-चार बोटांचा थर द्या, पण खोडापासून वीतभर लांब ठेवा. तांबड्या मातीत वाळवी टपूनच असते.

वळीव पडला की संध्याकाळी कडुनिंबावर तपकिरी भुंगे जमतात. त्यांची अंडी मातीत गेली की पुढे त्यातून निघालेली अळी, म्हणजे हुमणी, लॉनची मुळं खाते. त्या रात्री दिवा लावून फांद्या हलवा, खाली पडतील ते रॉकेल घातलेल्या बादलीत टाका. सलग तीन-चार रात्री.