मीटर लाल झाला की फेडर ओढू नका: मिक्सर चॅनेलवरच्या या चुका टाळा

नव्याने मिक्सिंग करणाऱ्यांच्या प्रोजेक्ट फाइल उघडल्या की तीच ती दुखणी दिसतात. गाणं अभंग असो, लावणी असो की रॅप. सॉफ्टवेअर एफएल स्टुडिओ असो, रीपर असो, क्यूबेस असो की एबलटन. चॅनेलवर सात-आठ प्लगइन (आवाजावर काम करणारे छोटे जोड-प्रोग्राम) लावलेले असतात आणि त्याच चॅनेलवरचे गेन (आत येणाऱ्या आवाजाची लेव्हल), पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे नेणारी खुंटी), सेंड (आवाजाची प्रत दुसऱ्या चॅनेलला पाठवणारी वाट) भलत्याच जागी असतात. महागडा प्लगइन ही चूक झाकत नाही, उलट वाढवतो.

आधी एक क्रम पाठ करा. चॅनेलमध्ये आवाज शिरतो तो आधी क्लिप गेन किंवा ट्रिममधून (प्लगइनच्या आधीची लेव्हल), मग इन्सर्टमधल्या (चॅनेलवर प्लगइन बसवायच्या जागा) प्लगइनमधून वरून खाली, मग फेडरमधून (लेव्हलची सरकपट्टी), मग पॅनमधून आणि शेवटी बसमध्ये (अनेक ट्रॅक एकत्र येतात तो चॅनेल) किंवा मास्टरमध्ये (सगळ्यांचा शेवटचा चॅनेल). थोडेफार फरक सोडले तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हेच आहे. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका हा क्रम माहीत नसल्यामुळे होतात.

फेडरला गेन समजणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. रेकॉर्डिंग चालू आहे, गायिकेने तार सप्तकातली ओळ घेतली, मीटर लाल झाला आणि ऑपरेटरने स्क्रीनवरचा फेडर खाली ओढला. मीटर हिरवा झाला, सगळ्यांना बरं वाटलं. पण आवाज फाटला तो इंटरफेसच्या (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) प्रीअँपमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये, सॉफ्टवेअरमध्ये पोचण्याच्या आधीच. फेडर फक्त तो फाटलेला आवाज हळू ऐकवतो. फाइल झूम करून पाहा, लाटांचे शेंडे कापल्यासारखे सपाट दिसतील. तो टेक गेला. त्यावर डीक्लिपर चालवून थोडी मलमपट्टी होते, मूळ आवाज परत येत नाही.

उपाय इंटरफेसवरच्या गेनच्या खुंटीत आहे. गायकाला ‘चेक, चेक’ म्हणायला सांगून लेव्हल लावू नका. गाण्यातली सगळ्यात चढी ओळ, ज्या जोरात तो टेकला गाणार आहे त्याच जोरात, दोनदा म्हणून घ्या आणि तिचा वरचा शेंडा उणे १० ते उणे ६ डीबीच्या दरम्यान ठेवा. रंगात आल्यावर माणूस लेव्हल लावतानापेक्षा हमखास मोठ्याने गातो, ती जागा आधीच सोडलेली बरी. रेकॉर्डिंग २४ बिटचं असेल तर लेव्हल थोडी कमी राहिली म्हणून काहीही बिघडत नाही.

हीच चूक मिक्सिंगमध्ये वेगळ्या रूपात येते आणि तिथे ती पटकन लक्षात येत नाही. एका अभंगाच्या मिक्समधलं हे उदाहरण बघा. मुखडा हळू गायलेला, शेंडे उणे २२ डीबीला. अंतरा खणखणीत, शेंडे उणे ६ ला. गायनाच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा प्लगइन) लावलेला, थ्रेशोल्ड (ज्याच्या वर दाबायला सुरुवात होते ती लेव्हल) उणे १८, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१. मुखडा थ्रेशोल्डपर्यंत पोचतच नव्हता, म्हणजे तिथे कॉम्प्रेसर असून नसल्यासारखा. अंतरा थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर जात होता आणि कॉम्प्रेसर त्यातले ९ डीबी खात होता. मुखडा मोकळा आणि दूरचा, अंतरा चेपलेला आणि नाकातला. एकाच माणसाचे दोन गायक झाले होते. मग मुखड्यासाठी फेडरवर ५ डीबीचं ऑटोमेशन काढलं गेलं. आवाज वाढला, पोत तसाच राहिला. त्यावर दुसरा कॉम्प्रेसर, त्यावर सॅच्युरेशन, त्यावर डायनॅमिक ईक्यू. चार प्लगइन आणि गाणं पहिल्यापेक्षा वाईट.

कारण सरळ आहे. कॉम्प्रेसर फेडरच्या आधी बसतो, त्यामुळे फेडरवर काहीही केलं तरी ते कॉम्प्रेसरला कळत नाही. उपाय प्लगइनच्या आधी करायचा: सगळे प्लगइन बंद, क्लिप ओळीओळीने कापायची, मुखड्याच्या ओळींचा क्लिप गेन ६ डीबीने वाढवायचा, अंतऱ्याच्या चढ्या ओळी ४ डीबीने उतरवायच्या. आता मुखडा उणे १६ ला आणि अंतरा उणे १० ला. तोच कॉम्प्रेसर, तेच आकडे, पण आता तो मुखड्यात दीड डीबी आणि अंतऱ्यात सहा डीबी दाबतो. गाणं एका माणसाचं वाटतं. हे काम कंटाळवाणं आहे, चार मिनिटांच्या गाण्याला पाऊण-एक तास जातो. त्याला पर्याय नाही.

म्हणूनच ‘व्होकल चेन’ नावाने फिरणाऱ्या तयार प्रीसेटांबद्दल माझं मत अजिबात चांगलं नाही. त्यातला थ्रेशोल्ड दुसऱ्या कुणाच्या आवाजाच्या लेव्हलवर बेतलेला असतो. तुमची क्लिप उणे ३० ला असेल तर तो प्रीसेट काहीच करणार नाही, उणे ५ ला असेल तर गळा आवळेल. प्रीसेट वाईट आहे की चांगला, हा प्रश्न तुमच्या क्लिपची लेव्हल ठरल्यानंतरचा.

फेडरची पट्टीही एकसारखी नसते, हेही डोक्यात असू द्या. शून्याच्या आसपास बोटभर हालचालीत दोन-तीन डीबी बदलतात, तळाशी तेवढ्याच हालचालीत वीस-वीस. सगळे फेडर उणे २५ ला लोळत असतील तर अर्ध्या डीबीचा बारीक बदल माउसने करताच येत नाही. ट्रिमने लेव्हल खाली आणा आणि फेडर शून्याजवळ राहू द्या.

मास्टर लाल होतोय म्हणून त्यावर लिमिटर (आवाज ठरावीक लेव्हलच्या वर जाऊ न देणारा प्लगइन) लावून गप्प बसणं हा याच घरातला आळस. आतले चॅनेल लाल झाले तरी ३२ बिट फ्लोटमुळे सहसा फाटत नाहीत. १६ किंवा २४ बिटला एक्सपोर्ट करताना मास्टर शून्याच्या वर असेल तर मात्र फाटतो. सगळे चॅनेल एकत्र निवडून ६ डीबी उतरवा. ऑटोमेशन असलेले फेडर हाताने उतरवले की प्ले दाबल्यावर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा जागेवर जातात. तिथे इन्सर्टच्या शेवटी एक साधा गेन प्लगइन लावून त्यात उतरवा.

स्टिरिओ ट्रॅकवर पॅन फिरवणं

डग्गा गायब होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि लोक ते माइकमध्ये, खोलीत, तबलजीच्या हातात शोधत बसतात.

असंच एक मिक्स. तबल्याचं रेकॉर्डिंग दोन माइकने, एकाच स्टिरिओ फाइलमध्ये: डाव्या बाजूला तबला, उजव्या बाजूला डग्गा. पेटीला उजवीकडे जागा हवी म्हणून तबल्याचा पॅन बराच डावीकडे नेला. डग्ग्याची घुमक गेली. मग ८० हर्ट्झला ६ डीबी उचल. तबल्याच्या माइकमध्ये डग्ग्याचा जो थोडा आवाज सांडला होता तो आणि खोलीची घरघर तेवढी वाढली. मग बास वाढवणारा प्लगइन. मग सॅम्पलमधला डग्गा मूळ डग्ग्यावर चढवला. तो मींडेच्या जागी मूळ वादनाशी जुळेना, म्हणून त्या जागाच कापल्या. जाणकार वादकाने मन लावून वाजवलेला ठेका असा तासाभरात मारला गेला, आणि तोही एका खुंटीमुळे.

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ चॅनेलवरचा पॅन हा मुळात बॅलन्स असतो. तो डावीकडे फिरवला की उजवी बाजू डावीकडे येत नाही, नुसती हळू होत जाते. टोकाला नेली की पूर्ण बंद. परीक्षा सोपी आहे: ट्रॅक सोलो करा, पॅन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. वाद्य सरकलं तर पॅन आहे. वाद्याचा एक भाग नाहीसा झाला तर बॅलन्स आहे.

बदलायची सोय बहुतेक ठिकाणी खुंटीवरच आहे. लॉजिकमध्ये कंट्रोल दाबून पॅनवर क्लिक करा आणि स्टिरिओ पॅन निवडा. एबलटनमध्ये राइट क्लिक करून स्प्लिट स्टिरिओ पॅन. रीपरमध्ये पॅनवर राइट क्लिक केलं की स्टिरिओ पॅन आणि ड्युअल पॅन दोन्ही मिळतात. क्यूबेस प्रोमध्ये स्टिरिओ कम्बाइन्ड पॅनर आहे. मला यातलं काहीच लागत नाही, कारण मी फाइलचे दोन मोनो ट्रॅक करून टाकते: डग्गा मध्याच्या जवळ, फार तर १० डावीकडे, तबला ३० ते ५० डावीकडे. दोन्ही एका बसमध्ये. यात डग्ग्याला वेगळा ईक्यू देता येतो आणि गाणं मोबाइलच्या एका स्पीकरवर वाजलं तरी ठेका जागेवर राहतो.

पॅन आधी, लेव्हल नंतर. मध्यातून बाजूला नेताना पॅन लॉनुसार (मध्य आणि बाजू यांतल्या लेव्हलच्या फरकाचा सॉफ्टवेअरचा नियम) आवाज ३ डीबीपर्यंत, कधी त्याहून जास्त, बदललेला वाटतो. आधी जुळवलेली लेव्हल पुन्हा जुळवावी लागते.

Ø चं बटण कधीच न दाबणं

Ø म्हणजे पोलॅरिटीचं बटण, ते आवाजाची लाट उलटी करतं. ढोलकीला शाईकडे एक आणि धुमाकडे एक माइक लावला की एका पुडीवर थाप पडताना ती पुडी माइकपासून आत जाते आणि आतल्या हवेच्या दाबाने दुसरी पुडी तिच्या माइककडे बाहेर येते. खालच्या सुरांत दोन माइक एकमेकांना खोडतात. मास्टर मोनो करा, दोन्ही ट्रॅक सारख्या लेव्हलला आणा, एका ट्रॅकवर Ø दाबून पाहा आणि ज्या स्थितीत भरीवपणा जास्त आहे ती ठेवा. रीपर आणि क्यूबेसमध्ये बटण चॅनेलवरच आहे, एबलटनमध्ये युटिलिटीत, लॉजिकमध्ये गेन प्लगइनमध्ये.

मात्र माइक अंतरामुळे उशिरा ऐकत असेल तर Ø ने ते दुरुस्त होत नाही. ३४ सेंटीमीटरला साधारण एक मिलिसेकंद. तेवढ्या उशिराने सारखाच आवाज मिसळला की ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात. Ø दाबलं तर खड्डे १०००, २००० ला सरकतात आणि तळाचा सूरही जातो. तिथे उशिराचा ट्रॅक पुढे ओढून लाटा जुळवायच्या.

एकच ट्रॅक दोन वाटांनी मास्टरला पाठवणं

कोरसचे सहा ट्रॅक बसमध्ये पाठवले, पण त्यांची मास्टरकडची वाट चालूच राहिली. दोन्ही वाटांवर आवाज सारखा असेल तर ६ डीबी वाढ. बसवरचा फेडर खाली केला तरी कोरस जात नाही, बसवरचा कॉम्प्रेसर अर्धवटच लागल्यासारखा वाटतो आणि माणूस प्लगइनला दोष देतो. रीपरमध्ये सेंड केल्यावर त्या ट्रॅकच्या राउटिंगमधली मास्टर सेंडची खूण काढा, किंवा सेंड न करता फोल्डर वापरा. एफएल स्टुडिओत बसच्या ट्रॅकखालच्या बाणावर राइट क्लिक करून ‘राउट टू धिस ट्रॅक ओन्ली’ निवडा. पक्की खात्री करायची तर बस म्यूट करा: कोरसचा एक कणही ऐकू येता कामा नये.

आणखी काही, थोडक्यात

सेंडवर लावलेल्या रिव्हर्बचा मिक्स १०० टक्के ओला (नुसता रिव्हर्ब, मूळ कोरडा आवाज नाही) ठेवा. ३० टक्क्यांवर असेल तर सेंड वाढवताना कोरडा आवाजही वाढत जातो.

फेडर तळाला नेला तरी गायकाचं भूत रिव्हर्बमध्ये ऐकू येतंय? सेंड प्री-फेडर आहे, म्हणजे फेडरच्या आधीच निघतो. मिक्ससाठी पोस्ट-फेडर, हेडफोनच्या मिक्ससाठी प्री-फेडर.

सोलो केल्यावर रिव्हर्ब जात असेल तर रिव्हर्बच्या चॅनेलला सोलोपासून सुरक्षित करा. क्यूबेसमध्ये ऑल्ट दाबून सोलोवर क्लिक, लॉजिकमध्ये कंट्रोल दाबून.

सोलोमध्ये ईक्यू करू नका. एकटी पेटी भरदार लागेपर्यंत ३०० हर्ट्झ वाढवायचा आणि मग सगळ्या मिक्समध्ये गायकाचे शब्द का कळत नाहीत म्हणून विचारायचं, हा प्रकार थांबला पाहिजे. सोलो खरखर, चुटके आणि श्वास शोधण्यासाठी आहे.

प्लगइनने आवाज सुधारला असं वाटलं की त्याचा आउटपुट खाली करून, चालू आणि बंद अशा दोन्ही स्थिती सारख्याच मोठ्या ऐकू येतील असं बघा आणि मग ठरवा. एक डीबी मोठं झालेलं काहीही चांगलंच वाटतं. घाईत असलेला माणूस इथेच फसतो आणि दहा प्लगइन जमवतो.

गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दोनदा किंवा पोकळ ऐकू येत असेल तर इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग आणि चॅनेलवरचं मॉनिटर बटण दोन्ही चालू आहेत. एक बंद करा. सॉफ्टवेअरमधूनच ऐकायचं असेल तर बफर (सॉफ्टवेअर एका वेळी जेवढे सॅम्पल हाताळतं तो गठ्ठा) १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला तो पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत बसतो, जाण्यायेण्याचा उशीर त्याच्या दुपटीहून जास्त होतो तरी गाता येतं. १०२४ वर तोच बफर २१ मिलिसेकंदांचा होतो आणि गायक तालाच्या मागे पडतो. मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू किंवा लुकअहेडचा लिमिटर असेल तर बफर कमी करूनही उशीर जात नाही. रेकॉर्डिंगपुरते ते काढून ठेवा, नुसते बायपास करून काही सॉफ्टवेअरमध्ये उशीर तसाच राहतो.