फिरायची आणि रेसची एकच फॅमिली सेलबोट घेताय? बेळगावकरांनो, या चुका टाळा

बेळगावला समुद्र नाही, खरं चोर्ला घाट उतरून शे-सव्वाशे किलोमीटर गेलं की पणजी येते, आणि आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादईच तिथं मांडवी म्हणून समुद्राला मिळते. त्यामुळं दोन-तीन घरं मिळून गोव्यात एक शिडाची बोट ठेवूया, सुट्टीला पोराबाळांना घेऊन फिरूया आणि जमलं तर रेसमध्ये पण उतरूया, असं खूप जणांच्या डोक्यात असतं. विचार एकदम चांगला आहे, एकाच बोटीत दोन्ही जमतं. फक्त सुरुवातीच्या काही चुकांमुळं बोट ना धड फिरायची राहते ना धड रेसची, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक बोट निवडतानाच होते. नौदलाच्या आयएनएसव्ही म्हादई या शिडाच्या बोटीचं नाव आपल्या नदीवरनं आहे, ती गोव्यातच बांधली, दिलीप दोंदे २००९-१० मध्ये थांबे घेत आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठंही न थांबता तिच्यातनं एकट्यानं पृथ्वी फिरून आले, हे ऐकून कुणाचा ऊर भरून येणार नाही सांगा. खरं ती ५६ फुटी बोट महासागरासाठी आहे, शनिवार-रविवारच्या कुटुंबाला तेवढं शीड ओढणं झेपत नाही. उलट कुणी जे-२४ ही २४ फुटी रेसची बोट घ्या म्हणतं. १९७७ पासूनचं हे नावाजलेलं डिझाईन आहे, रेसला झकास, खरं आत ताठ उभं राहता येत नाही आणि आई-आज्जीला दुपारभर आत बसवायचं म्हटलं की वैताग होतो. आपल्याला हवी मधली, क्रूझर-रेसर म्हणतात ती, २६ ते ३० फुटांतली. झोपायला चार-पाच जागा, छोटा गॅस, धड टॉयलेट पाहिजेच, ते नसेल तर घरातल्या बायका दुसऱ्यांदा येणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट, वेगाचा हिशोब आधी समजून घ्या. अशा बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ नं गुणा. २५ फुटाला ६.७ नॉट येतात, म्हणजे ताशी साधारण साडेबारा किलोमीटर. मोठं इंजिन घातलं, जास्त शीड लावलं तरी त्याच्या फार वर ती जात नाही, मग रेस जिंकायची कशी? तर हलक्या वाऱ्यात ती हळू पडू नये एवढं बघायचं. आणि क्लबच्या रेसमध्ये बहुतेक हँडिकॅप असतो, बोटीच्या रेटिंगप्रमाणं वेळ दुरुस्त करून निकाल लावतात, त्यामुळं जुनी बोट बघून नाराज होऊ नका.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. "टिलर हाताला ओढतोय, बोट सारखी वाऱ्याकडं वळतीय." टिलर म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा. लोक लगेच सुकाणू खराब झालं म्हणतात आणि मेकॅनिक शोधतात. बहुतेक वेळा सुकाणूचा काही दोष नसतो, बोट जास्त कललेली असते. कललेली बोट आपोआप वाऱ्याकडं वळते, आपण तिला टिलरनं मागं ओढतो, आणि ते तिरकं धरलेलं सुकाणू पाण्यात ब्रेकसारखं काम करतं. एक-दोन बोटांनी टिलर धरता आला पाहिजे, थोडीशी ओढ असली तर चांगलंच, खरं दंड दुखायला लागला म्हणजे काहीतरी चुकतंय. आधी ट्रॅव्हलर (मुख्य शिडाचा दोर आडवा सरकवायची पट्टी) वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला सोडा, मग बॅकस्टे (डोलकाठीला मागनं धरणारी तार) ताणून मेनसेल म्हणजे मुख्य शीड चपटं करा, तरी नाही भागलं तर रीफ घ्या, शीड कमी करा. बघा, बोट सरळ उभी राहते आणि स्पीड कमी व्हायच्या ऐवजी कधीकधी वाढतो. रीफ घेतला म्हणजे कमीपणा असं आपल्याकडच्या पोरांना वाटतं, तसं काही नसतं. रीफ घेऊ का नको असं मनात आलं तीच घ्यायची वेळ, नंतर वारा वाढल्यावर लहान मुलं रडत असताना ते काम अवघड होतं. एवढं सगळं करूनही ओढ जात नसेल तर शीड बघा. खाली आडवं पडून वर बघितलं की शिडाचा फुगवटा दिसतो, तो मध्याच्या मागं सरकलेला असेल तर कापड ताणून सैल झालंय, अशा शिडाचे दोर कितीही जुळवून (ट्रिम करून) काही होत नाही. नवं मेनसेल हा खर्च मोठा आहे, खरं नवी यंत्रं बसवण्यापेक्षा तोच आधी करावा असं माझं ठाम मत आहे.

मग सामान. दोन कुकर, आठ गाद्या, जादा नांगर, मागच्या सुट्टीतल्या पाण्याच्या बाटल्या, सगळं बोटीतच पडलेलं असतं, आणि जागा मिळेल तिथं म्हणून पार नाळेत (पुढच्या टोकाला) नाहीतर पार मागं कोंबलेलं. टोकाला वजन असलं की लाटेवर बोट पुढं-मागं डुलत बसते आणि पुढं जात नाही, वर लोकांना उलट्या होतात. जड वस्तू मध्यभागी, तळाशी ठेवा. रेसच्या आधी काय काढायचं आणि काय ठेवायचं ते त्या रेसच्या नियमांत बघा, काही ठिकाणी गाद्या काढायला पण परवानगी नसते.

आपल्या बाजूची एक खास चूक आहे. उद्यमबागेत आपली माणसं काहीही घडवून देतात, शॅकल असो, पिन असो, ब्रॅकेट असो, त्यांच्या हाताला तोड नाही. खरं तुम्ही नुसतं "स्टेनलेस" सांगितलं तर ३०४ मिळू शकतं, आणि खाऱ्या पाण्यात ते फटीतनं गंजतं, वरनं चकाकतं आणि आतनं तुटतं. ३१६ सांगा आणि मटेरियलचा दाखला मागा, लोहचुंबक लावून दोन्हीतला फरक कळत नाही. डोलकाठी ॲल्युमिनियमची असते, तिच्यात स्टेनलेसचा स्क्रू कोरडा घालू नका, मधे इन्सुलेटिंग पेस्ट लावा, नाहीतर ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडायला लागतं. पाण्याखालच्या झिंकच्या तुकड्याला रंग मारू नका, तो बाकीच्या धातूऐवजी झिजायलाच लावलेला असतो. अर्धा झिजला की बदला.

नांगराचा दोर कमी सोडणं ही पण नेहमीची चूक. ओहोटीला ४ मीटर पाणी, भरतीला अजून २, आणि पाण्यापासून नाळेची उंची १, झाले ७ मीटर. दोर असेल तर त्याच्या ७ पट, म्हणजे ४९ मीटर सोडायचा. नांगराला नायलॉनच घ्या, तो ताणतो आणि झटका खातो. शीड वर ओढायच्या दोराला मात्र न ताणणारा डायनिमा (एक मजबूत कृत्रिम धागा) चांगला, आणि ही अदलाबदल करू नका.

शेवटी घाटावर राहून बोट सांभाळायची गोष्ट. कोमट पाण्यात बुडाला शेवाळ काही आठवड्यात धरतं, त्यावर शिंपल्यासारखे बार्नॅकल चिकटून बसतात, आणि मग कितीही भारी शीड लावा, बोट जड चालते. त्यामुळं रेसच्या आधल्या दिवशी कुणीतरी पाण्यात उतरून बूड पुसलंच पाहिजे, फक्त बुडाला लावलेला शेवाळरोधक रंग घासण्याजोगा कडक आहे का झिजणारा आहे ते आधी विचारून घ्या, झिजणाऱ्यावर जोरात ब्रश मारला तर पैसेच धुऊन जातात. हिवाळ्यात सकाळी मतलई वारे, दुपारनंतर खारे वारे, त्यामुळं पोरांना पहिल्यांदा नेताना सकाळी लवकर न्या, पाणी सपाट असतं. रविवारी संध्याकाळी घाट चढायच्या आधी बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी बाहेर काढणारा) हातानं चालवून बघा, बॅटरी चार्ज आहे का बघा, गुंडाळलेल्या जेनोवाला (पुढच्या मोठ्या शिडाला) वर-खाली दोन ठिकाणी पट्टा मारा, कारण वाऱ्यानं एक कोपरा सुटला की ते शीड रात्रभर फडफडून फाटतं आणि आपण तर इकडं टिळकवाडीत. मेच्या मध्यापर्यंत बोट पाण्याबाहेर काढायचं ठरवून टाका, क्रेनवाल्याशी एप्रिलमध्येच बोला, जूनच्या तोंडावर सगळ्यांची गर्दी होते.