आयोवा बघायचं तर आधी हायवे सोडा

शिकागोहून यलोस्टोनला निघालेली मराठी मंडळी रात्रीपुरती आमच्याकडे, अमेरिकेच्या आयोवा राज्यात, उतरतात आणि सकाळी पोहे खाता खाता हमखास विचारतात, "काय हो, तुमच्या आयोवात मक्याशिवाय काही आहे की नाही?" मी मूळचा जालन्याचा, धंदा बियाण्याचा. मक्याला नावं ठेवलेली मला खपत नाहीत. पण आय-८० हायवेवरून ३०० मैल सुसाट गेलात तर दुसरं दिसणार तरी काय? तेव्हा एक दिवस काढा आणि मी सांगतो तसं फिरा.

राजधानी डी मॉइनच्या उत्तरेला हायवे सोडा, खडीच्या रस्त्याला लागा आणि गाडीतला मैलांचा आकडा शून्यावर आणा. मैलभराने चौक येईल, पुढच्या मैलाला पुन्हा. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धानंतर सरकारने सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवाशांची जमीन टप्प्याटप्प्याने काढून घेतली, मोजणीदार पाठवले आणि सगळा मुलूख मैल बाय मैल आखून टाकला. एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकर. असे ३६ सेक्शन मिळून टाउनशिप. आमच्या घरात वाकड्यातिकड्या बांधावरून दोन पिढ्या भांडल्या. इथे बहुतेक ठिकाणी रस्ता हाच बांध.

सरळ चाललेला रस्ता मध्येच कारण नसताना बाजूला सरकून पुन्हा सरळ होतो. मागे बसलेल्या मुलांना विचारा, असं का? पृथ्वी गोल, त्यामुळे उत्तरेकडे जाणाऱ्या रेषा जवळ जवळ येत जातात. चौकोन चौकोनच राहावेत म्हणून ठरावीक अंतरावर मोजणीदारांना रेघ सरकवावी लागली. त्या सरकवलेल्या रेघेवरून आपण आजही स्टिअरिंग वळवतो.

आता गाडी कडेला घ्या आणि चरात बघा. शेतातून आलेल्या पाइपचं तोंड दिसेल, त्यातून पाणी पडत असेल. हिमनदीने सपाट केलेला हा भाग पूर्वी पाणथळ होता. शेतकऱ्यांनी जमिनीखाली आधी मातीचे, आता प्लास्टिकचे पाइप घालून पाणी काढलं, म्हणून तर ही काळी माती पिकाखाली आली. पण त्याच पाण्याबरोबर खतातलं नायट्रेट नदीत जातं, आणि ते काढायला डी मॉइनच्या पाणीपुरवठ्याला वेगळा प्रकल्प चालवावा लागतो. आमच्या धंद्यातली माणसं याबद्दल फारशी बोलत नाहीत. बोलायला हवं.

शेतातलं कणीस तोडू नका. एक तर ते दुसऱ्याचं, आणि तोडलंत तरी घशाखाली उतरणार नाही. तो मका जातो डुकरांना आणि इथेनॉलला. राज्यात माणसं ३२ लाखांच्या आसपास आणि डुकरं २ कोटींच्या वर, यावरून काय ते समजा. खायचा स्वीटकॉर्न जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला पिकअपमध्ये मांडून विकतात. लिंबू-तिखट आपलं आपण न्यावं.

दुपारी एखाद्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, मुख्य गावी थांबा. राज्यात ९९ काउंट्या. गाडीच्या नंबरप्लेटवरही काउंटीचं नाव असतं, मुलांना वेगवेगळी नावं टिपायला लावा, तासभर शांतता. गावात मधोमध चौक, चौकात कोर्टहाउस, भोवती दुकानं. आपल्याकडे जिल्ह्याला कलेक्टर बाहेरून येतो. इथे शेरीफ, ऑडिटर आणि कारभार बघणारे सुपरवायझर, सगळे मतदार निवडतात. टामा काउंटीत गेलात तर लक्षात ठेवा: मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये तिथे ८० एकर जमीन पैसे मोजून परत विकत घेतली आणि पुढे वाढवत नेली. ऑगस्टमध्ये त्यांचा पाउवाउ, म्हणजे नाचगाण्याचा मेळावा, भरतो, पाहुण्यांना मज्जाव नाही.

डी मॉइनमध्ये सोनेरी घुमटाचं कॅपिटॉल, म्हणजे विधानभवन, फुकट बघता येतं. अधिवेशन जानेवारीत सुरू होतं, म्हणून उन्हाळ्यात ५० सिनेटर आणि १०० प्रतिनिधींची सभागृहं निवांत असतात. कायद्याच्या ग्रंथालयातले लोखंडी गोल जिने मात्र चुकवू नका. मतदारसंघांच्या सीमांचा आराखडा इथे पक्षाचे पुढारी नाही, विधिमंडळाचे तटस्थ कर्मचारी करतात. मला या राज्याचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच. अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला पक्षांच्या मतदारांच्या ज्या सभा होतात त्या कॉकस. १९७२ पासून त्या देशात सगळ्यात आधी इथे होत, म्हणून देशाचं लक्ष इथे लागायचं. २०२४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने तो पहिला मान काढून घेतला, रिपब्लिकनांनी ठेवला.

तिथून जवळच वर्ल्ड फूड प्राइझ या अन्नक्षेत्रातल्या पुरस्काराचं हॉल ऑफ लॉरिएट्स आहे. रोज उघडं नसतं, आधी वेळ बघून जा. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग आयोवाच्या क्रेस्कोजवळचे. हा पुरस्कार त्यांनीच सुरू केला. १९८७ चा पहिला मानकरी एम. एस. स्वामिनाथन, आणि १९९८ चे आमच्या जालन्याचे बद्रीनारायण बारवाले, महिको या बियाणे कंपनीचे संस्थापक. मी पाहुण्यांना इथे आणतोच, आणि माझं बारवालेपुराण त्यांना ऐकावंच लागतं.

ऑगस्टच्या मध्यात येणार असाल तर बाकी सगळं सोडून डी मॉइनच्या स्टेट फेअरला, म्हणजे राज्याच्या जत्रेला, जा. शीतकपाटात उभी असलेली खऱ्या आकाराची लोण्याची गाय ही इथली १९११ पासूनची प्रथा. शाकाहारी असाल तर साध्या बीन्सबद्दलही विचारून घ्या, बेकन असू शकतं.

पश्चिमेला निघताना मिसुरी नदीच्या अलीकडे लोएस हिल्सवर थोडा वेळ चढा. वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीचे हे डोंगर बघितल्यावर कोणी आयोवाला सपाट म्हणत नाही.

खडीच्या रस्त्यावर समोरून येणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल, तुम्हीही उचला. आणि एक जपा. ऑगस्टमध्ये मका पुरुषभर उंच असतो, कित्येक चौकांत स्टॉपची पाटी नसते. आडव्या रस्त्यावर धुळीचा लोट दिसला की समजायचं गाडी येतेय. पाऊस पडून गेला असेल तर लोटही उठत नाही, तेव्हा प्रत्येक चौकाआधी ब्रेकवर पाय ठेवा.