नर्ब्सचे कॉलबॅक नोंदवताना या चुका टाळा

जळगावला आमच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं मार्चच्या सुमारास प्रोजेक्ट घेऊन येतात. मागच्या खेपेला शिरपूरकडच्या एका मुलीने विषय निवडला होता खापर. चुलीवर पालथं घालून ज्यावर पुरणाचे मांडे भाजतात, ते आपलं मातीचं खापर. घुमटासारखा गोल पृष्ठभाग. नर्ब्स, म्हणजे थोड्या बिंदूंवरून वक्र पृष्ठभाग काढायची पद्धत, शिकायला याहून चांगली वस्तू शोधून सापडणार नाही. कंट्रोल पॉइंट (आकार ठरवणारे बिंदू) नीट भरले होते, कोड कंपाइल झाला, प्रोग्रॅम चालू झाला आणि विंडो काळीच राहिली. एरर नाही, क्रॅश नाही. ती वळून म्हणाली, "सर, हाई काय व्हयनं?"

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता गणिताकडे बघायच्या आधी मी कॉलबॅकची, म्हणजे अमुक घटना घडली की लायब्ररीने बोलवायच्या आपल्या फंक्शनची, नोंदणी बघतो. ओपनजीएल या चित्र काढायच्या लायब्ररीच्या जोडीला येणाऱ्या ग्लू लायब्ररीत हे काम ग्लूनर्ब्सकॉलबॅक करतं. (नावं लॅबमध्ये उच्चारतो तशीच लिहितो आहे.) ते तीन गोष्टी घेतं: नर्ब्स ऑब्जेक्ट, घटना कोणती, आणि त्या घटनेला बोलवायच्या फंक्शनचा पॉइंटर. अडचण या तिसऱ्या गोष्टीत आहे. बिगिन, व्हर्टेक्स (बिंदू), नॉर्मल (पृष्ठभागाला लंब दिशा), एरर या सगळ्यांची फंक्शन्स वेगवेगळ्या प्रकारची, पण पॅरामीटरचा प्रकार एकच. म्हणून प्रत्येक जण कास्ट करतो, म्हणजे प्रकार जबरदस्तीने बदलून देतो, आणि एकदा कास्ट केला की कंपायलरने तपासायचं काही उरत नाही. पुढच्या बऱ्याच चुका या एका कास्टच्या आड लपतात.

मोडच बदललेला नसतो

त्या मुलीची पहिली चूक ही होती. नर्ब्स ऑब्जेक्ट तयार होतो तेव्हा तो रेंडरर मोडमध्ये असतो, म्हणजे त्रिकोण पाडून स्वतःच ओपनजीएलकडे पाठवतो. या मोडमध्ये तुमचे बिगिन, व्हर्टेक्स, नॉर्मल, एंड यांपैकी एकही कॉलबॅक येत नाही. ओपनजीएलच्या नवीन पद्धतीच्या कोअर प्रोफाइलमध्ये जुनं इमिजिएट ड्रॉइंग (एकेक बिंदू पाठवून काढणं) नसतंच, त्यामुळे पडद्यावरही काही उमटत नाही. ग्लूनर्ब्सप्रॉपर्टीने ग्लू_नर्ब्स_मोड हा ग्लू_नर्ब्स_टेसेलेटर (त्रिकोण पाडून ते कॉलबॅकने आपल्याला देणारा मोड) करा, आणि तेही ग्लूबिगिनसर्फेसच्या आधी.

इथेच विंडोजवाल्यांचा पाय अडकतो. टेसेलेटर मोड ग्लूच्या १.३ आवृत्तीत, १९९८ साली आला. विंडोजसोबत मिळणारी ग्लू मात्र १.२ वरच थांबलेली आहे. हेडरमध्ये ते नाव नाही म्हणून कंपायलर तक्रार करतो, आणि मग मुलं कुठून तरी १००१६० आणि १००१६१ हे आकडे आणून स्वतःच डिफाइन करतात. कंपाइल होतं, पण आतल्या लायब्ररीला तो मोड ठाऊकच नसतो. असं करू नका. आधी ग्लूगेटस्ट्रिंगने आवृत्ती छापून बघा. १.२ दिसली तर मेसाची ग्लू वेगळी जोडा, किंवा हा भाग लिनक्सवर करा.

एररचा कॉलबॅक सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही

हा मी सगळ्यात आधी नोंदवायला लावतो, ऑब्जेक्ट तयार केल्याच्या पुढच्याच ओळीत. नर्ब्सचे स्वतःचे ३७ एरर कोड आहेत, आणि हा कॉलबॅक नसेल तर ते सगळे गिळले जातात. मिळालेला कोड ग्लूएररस्ट्रिंगला दिला की नॉट (वक्राचे तुकडे कुठे जोडायचे ते सांगणारे चढते आकडे) कमी पडले, नॉट उतरत्या क्रमात आले, असं सरळ वाक्य मिळतं. खापराच्या एका कड्याला ९ पॉइंट आणि ऑर्डर (डिग्रीपेक्षा एक जास्त) ३, म्हणजे नॉट १२ हवेत. पॉइंट अधिक ऑर्डर, एवढाच हिशोब. मुलं ऑर्डरच्या जागी डिग्री, म्हणजे २, धरतात आणि ११ देतात.

स्ट्राइडची चूक मात्र एररमध्ये दिसत नाही. स्ट्राइड, म्हणजे ॲरेत एका पॉइंटपासून पुढच्यापर्यंतचं अंतर, फ्लोटमध्ये मोजायचा, बाइटमध्ये नाही. ९ पॉइंट, प्रत्येकी ४ आकडे, तर ३६ आणि ४. साइझऑफ वापरून १४४ आणि १६ दिलेत तर लायब्ररी ॲरेच्या बाहेरची मेमरी वाचते.

फ्लोटच्या जागी डबल

या चुकीने माझी स्वतःची एक अख्खी रात्र गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ग्लूमध्ये पॉलिगॉनचा टेसेलेटरही आहे, ग्लूटेसकॉलबॅकवाला. त्याला आपण डबलमध्ये कोऑर्डिनेट देतो. नर्ब्सचा व्हर्टेक्स कॉलबॅक मात्र फ्लोटचा पॉइंटर हातात देतो. एकाचा कोड दुसऱ्यात चिकटवला की फंक्शन डबलचा पॉइंटर मागतं, कास्ट ते खपवून घेतो, आणि दोन फ्लोट मिळून एक डबल असं वाचन सुरू होतं.

मी तेव्हा प्रत्येक व्हर्टेक्सचा पहिला आकडा छापला. खरा बिंदू १, ०, ० असेल तिथे ५.२६ गुणिले दहाचा उणे ३१५ वा घात असं काही तरी येत होतं. ०, १, ० च्या जागी ०.००७८१२५. सगळ्यात फसवा होता ०, २, ०: तिथे बरोबर २ छापलं जायचं, कारण २ या आकड्याचे फ्लोटमधले बिट डबलच्या वरच्या अर्ध्यात बसले की तिथेही २ च होतात. तो एक आकडा बरोबर दिसला म्हणून मी दोन तास भलतीकडेच शोधत राहिलो. तुमच्या आउटपुटमध्ये ०.००७८१२५ दिसलं, किंवा उणे ३१० च्या आसपासचे घात दिसले, तर थेट व्हर्टेक्स फंक्शनच्या पॅरामीटरकडे जा.

आणखी एक. वजनं (पॉइंट पृष्ठभागाला किती ओढतो ते ठरवणारा चौथा आकडा) असलेला, चार आकड्यांचा पृष्ठभाग दिलात तरी कॉलबॅकमध्ये येणारा व्हर्टेक्स तीनच आकड्यांचा असतो. भागाकार लायब्ररीने आधीच केलेला असतो. चौथा आकडा कॉपी करू नका, तो तुमचा नाही.

३२-बिट विंडोजवर फंक्शनच्या पुढे कॉलबॅक हा शब्द लिहायला विसरलात तर कॉल करण्याची पद्धत जुळत नाही आणि स्टॅक बिघडतो. ६४-बिटवर हा फरक उरत नाही, त्यामुळे जुन्या लॅबच्या मशीनवर कोसळणारा प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालतो.

पॉइंटर जपून ठेवणं

व्हर्टेक्स कॉलबॅकमध्ये मिळालेला पॉइंटर लायब्ररीच्या तात्पुरत्या जागेचा असतो. तो साठवू नका, आतले तीन आकडे तिथल्या तिथे कॉपी करा. पॉलिगॉन टेसेलेटरमध्ये जबाबदारी उलटी असते: तिथे डेटा तुमचा, आणि ग्लूटेसएंडपॉलिगॉन होईपर्यंत तो जिवंत ठेवायचा. लूपमधल्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता दिला की सगळे बिंदू एकाच जागी गोळा होतात.

नॉर्मल हा व्हर्टेक्सच्या आधी येतो, असं धरून चला. नॉर्मलच्या फंक्शनमध्ये तो 'चालू नॉर्मल' म्हणून ठेवा आणि व्हर्टेक्स आला की दोन्ही मिळून यादीत टाका. खापराच्या शेंड्याला मात्र सगळे कंट्रोल पॉइंट एका जागी येतात, तिथे एका दिशेची स्पर्शिका शून्य होते. नॉर्मलची लांबी तपासल्याशिवाय तिने भागू नका.

भाषेने टाकलेला फासही सांगतो. सी प्लस प्लसमध्ये क्लासचं साधं मेंबर फंक्शन कास्ट करून देऊ नका. स्टॅटिक फंक्शन घ्या, नावात डेटा असलेली घटना नोंदवा आणि ग्लूनर्ब्सकॉलबॅकडेटाने ऑब्जेक्टचा पॉइंटर पोचवा. सी शार्पचं डेलिगेट किंवा पायथनच्या सीटाइप्सचं कॉलबॅक ऑब्जेक्ट एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर गार्बेज कलेक्टर ते उचलून नेतो आणि प्रोग्रॅम पाच मिनिटांनी, कारण न सांगता पडतो.

सगळं त्रिकोणच समजणं

बिगिन कॉलबॅकमध्ये येणारा प्रकार वाचा. तो ट्रँगल, ट्रँगल स्ट्रिप, ट्रँगल फॅन, क्वाड स्ट्रिप यांपैकी काहीही असू शकतो. वक्ररेषेसाठी लाइन किंवा लाइन स्ट्रिप. सगळे व्हर्टेक्स एका बफरमध्ये ओतून त्रिकोण म्हणून काढले की खापराला भोकं आणि आडव्यातिडव्या पट्ट्या दिसतात. एंड येईपर्यंत बिंदू गोळा करा, मग प्रकारानुसार त्रिकोण पाडा. स्ट्रिपमध्ये दर दुसऱ्या त्रिकोणाचा क्रम उलटा करायला विसरू नका, नाहीतर बॅकफेस कलिंग (पाठमोरे त्रिकोण न काढणं) चालू करताच अर्धे त्रिकोण गायब होतात.

गोल असून गोल दिसत नाही

त्या मुलीचं खापर शेवटी दिसलं, पण चौकोनी. कड्यावरच्या ९ पॉइंटपैकी चार कोपऱ्यांचं वजन ०.७०७१ असतं. ओपनजीएलला एक्स, वाय, झेड हे वजनाने गुणूनच द्यावे लागतात. ते न गुणता दिले की कोपऱ्यांकडे त्रिज्या १ ऐवजी १.२४ होते. ही चूक कॉलबॅकची नाही, पण सापडते तिथेच: व्हर्टेक्समध्ये त्रिज्या छापा.

त्रिकोण किती पडतील हे मूळ सेटिंगमध्ये पडद्यावरच्या पिक्सेलवर ठरतं, मर्यादा ५० पिक्सेलची. बफरमध्ये साठवायचं असेल तर ग्लू_ऑब्जेक्ट_पाथ_लेंग्थ घ्या. पण मग ती ५० ची मर्यादा वस्तूच्या मापात मोजली जाते, आणि आपलं खापर तर १ त्रिज्येचं. टॉलरन्स, म्हणजे तीच मर्यादा, ०.०५ वगैरे करा. कोअर प्रोफाइलमध्ये ग्लू_ऑटो_लोड_मॅट्रिक्स बंद करून सॅम्पलिंग मॅट्रिक्स स्वतः द्या. कलिंगची प्रॉपर्टी मुळात बंद असते, तशीच राहू द्या. चालू केलीत तर कॅमेऱ्याबाहेरचा भाग बफरमध्ये येणारच नाही.

खापर गोल झाल्यावर तिने त्यावर मांड्याचा दुसरा पृष्ठभाग पसरवला. त्यासाठी नवा नर्ब्स ऑब्जेक्ट लागला नाही. पहिला ग्लूएंडसर्फेस झाल्यावर ग्लूनर्ब्सकॉलबॅकडेटा परत बोलवून मांड्याच्या बफरचा पॉइंटर दिला, कारण लायब्ररी त्या पॉइंटरची प्रत ठेवते. तुमचं व्हेरिएबल नुसतं बदललं तर मांड्याचे त्रिकोणही खापराच्याच बफरमध्ये जाऊन पडतात.