गणपतीआधी पडवीत गाडी रंगवताय? या चुका टाळा

श्रावणात मुंबईहून फोन येतो, "चतुर्थीला येतोय, तेवढी गाडी मारून ठेव रे." बाहेर धो धो पाऊस, म्हणून गाडी पडवीत घेतात आणि धूळ-पाणी नको म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री बांधतात. इथेच घात होतो. थिनरची वाफ हवेपेक्षा जड. ती कौलांतून वर निघून जात नाही, जमिनीलगत साचते आणि दाराच्या फटीतून घरात शिरते. थिनरमधलं टोल्युइन ४ अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे तर पावसातही २५ अंश असतात. आत गॅस चालू, देवापुढे समई, फ्रिजचा थर्मोस्टॅट टकटकतोय. ठिणगी पडते ती आत, रंग फवारायच्या गनपासून लांब. तिथून ज्योत वाफेच्या मागावर पडवीत येते, आणि रंगवणारा ताडपत्रीत कोंडलेला!

समोरासमोरच्या दोन बाजू सताड उघड्या हव्यात. ते जमत नसेल तर काम दिवाळीनंतर काढा, गणपतीला गाडी जुन्याच रंगात धावेल. दिवाळीनंतर सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा असतो, दुपारकडे समुद्रावरचा खारा सुटतो, म्हणजे दिशा उलटते. वारा बदलला की आपणही जागा बदलायची, रंगाचं धुकं तोंडावर घ्यायचं नाही. पंखा आणि कॉम्प्रेसर स्वच्छ हवेच्या बाजूला, लांब पाइप लावून. काम चालू असताना पडवीतल्या बटणांना हात नाही.

दुसरी चूक मास्कची. रुमाल किंवा एन-९५ रंगाचे कण थोडेफार अडवेल, वाफ नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कोळशाचं कार्ट्रिज आणि त्यावर कणांचा फिल्टर, असा रबरी मास्क घ्या. दाढी असेल तर तो गालाला बसत नाही. कार्ट्रिज खुंटीला टांगून ठेवलं की कोळसा हवेतली वाफ आणि दमट ओल शोषून निकामी होतो; वापरून झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात.

हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालायचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग आणि क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक चकाकीचा थर, मात्र घरी मारूच नका. त्यात आयसोसायनेट असतं. वास येईपर्यंत ते घातक पातळीच्या वर गेलेलं असतं. एकदा शरीर त्यावर बिथरलं की पुढे जराशा संपर्कानेही दम्याचा झटका येतो. असा रंग मारायला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. "एकच बोनेट तर आहे" म्हणणाऱ्यांनी ते बोनेट खोलून रंगकामाचा बंदिस्त बूथ असलेल्या गॅरेजात न्यावं. घरी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पुरे, तोही दमट दिवशी पांढुरका पडतो.

हात थिनरने धुऊ नका; खोबरेल चोळा, मग साबण. उरलेलं थिनर परसात ओतू नका, जांभ्यातून ते विहिरीत झिरपतं. चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. आणि काम झाल्यावर गूळ खाल्ल्याने छातीतला रंग उतरत नाही, गूळ फक्त पोटात जातो.